हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातले आयनायझरचे बटण चालू ठेवावे की बंद?

प्रश्न : शंकेखोर

नमस्कार.

सुमारे दोन महिन्यांपूर्वी आम्ही मुलाच्या झोपण्याच्या खोलीसाठी हवा शुद्ध करणारे यंत्र घेतले. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला दमा आहे. डॉक्टरांनी दिलेली औषधे नियमित चालू आहेतच. हवेतली धूळ कमी झाली तर रात्रीचा खोकलाही थोडा कमी होईल, एवढ्याच अपेक्षेने ही खरेदी केली. यंत्रात हेपा फिल्टर, म्हणजे हवेतले बारीक कण अडवणारी दाट गाळणी, आहे आणि त्याखेरीज पानाचे चित्र असलेले एक वेगळे बटण आहे. ते दाबले की निळा दिवा लागतो. माहितीपुस्तिकेत त्याला आयनायझर म्हटले आहे आणि तो ऋण आयन सोडून हवा ताजी करतो, एवढेच त्याबद्दल लिहिले आहे. फायद्याचे असेल तर बंद कशाला ठेवायचे, अशा विचाराने आम्ही ते पहिल्या दिवसापासून चालूच ठेवले.

तीनेक आठवड्यांनी यंत्रामागच्या पांढऱ्या भिंतीवर, हवा बाहेर पडते त्या जाळीच्या नेमक्या वर, पिसारा उलगडल्यासारखा एक करडा डाग दिसू लागला. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर फडके काळे झाले आणि डाग आणखी पसरला. त्याच सुमारास सकाळी खोलीचे दार उघडताच झेरॉक्सच्या यंत्राजवळ येतो तसा काहीसा तिखट वास येऊ लागला. गंमत म्हणजे रात्रभर त्याच खोलीत झोपणाऱ्या मुलाला हा वास अजिबात जाणवत नाही. मागच्या पंधरा दिवसांत त्याने घसा खवखवत असल्याचे चार-पाच वेळा सांगितले आहे. हवामानही बदलते आहे, त्यामुळे दोष यंत्रालाच द्यावा असे माझे म्हणणे नाही.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीला मी पत्र पाठवले. "ओझोनचे प्रमाण नगण्य आहे" असे एका ओळीचे उत्तर आले. नगण्य म्हणजे किती, ते त्यात नव्हते. हा डाग कशाचा आहे, तो वास ओझोनचा असू शकेल का, आणि आयनायझर बंद ठेवल्यास यंत्राचा उपयोग कमी होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : जुना_मेकॅनिक

डागापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या डागातच आहे. उच्च दाबाच्या विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि अशी कित्येक यंत्रे मी उघडून पाहिली आहेत.

आयनायझर म्हणजे मुळात एक अणकुचीदार सुई असते, किंवा कार्बनच्या केसासारख्या बारीक तंतूंचा छोटा कुंचला असतो, आणि त्यावर काही हजार व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो. टोक जितके बारीक तितके विद्युतक्षेत्र तिथे एकवटते, आणि त्या टोकालगतच्या हवेत सतत एक सूक्ष्म विसर्जन चालू राहते, ज्याला आमच्या धंद्यात कोरोना म्हणतात. पूर्ण अंधार करून डोळे सरावू दिले तर काही यंत्रांत सुईच्या टोकाशी जांभळट ठिपका दिसतो आणि कान जवळ नेला तर बारीक सुसकारा ऐकू येतो. या विसर्जनातून सुटलेले इलेक्ट्रॉन हवेतल्या रेणूंना चिकटतात, ते रेणू पुढे धुळीच्या कणांना आपला विद्युतभार देतात, आणि भार मिळालेला कण जो पृष्ठभाग जवळ सापडेल त्याकडे ओढला जातो. तो पृष्ठभाग भिंतीचा असेल, पडद्याचा असेल, उशीच्या अभ्र्याचा असेल किंवा खोलीत बसलेल्या माणसाच्या कातडीचाही असेल. तुमच्या भिंतीवरचा पिसारा म्हणजे हीच धूळ आणि काजळी आहे. ती फिल्टरमध्ये जायला हवी होती, ती भिंतीवर गेली. आणि ती विद्युतभारासह चिकटलेली व अतिशय बारीक असल्यामुळे ओल्या फडक्याने निघण्याऐवजी रंगात मुरते. आधी कोरड्या मऊ ब्रशने किंवा निर्वात झाडणीने (व्हॅक्यूम क्लीनरने) काढावी, ओले फडके सर्वांत शेवटी.

यात एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. काही यंत्रांत आयन सोडणाऱ्या भागानंतर विरुद्ध भाराच्या धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि भारित धूळ त्या पट्ट्यांवर जमा होते. ती रचना बरी, कारण धूळ निदान यंत्रात पकडली जाते. पण त्या पट्ट्या वरचेवर धुवाव्या लागतात आणि पूर्ण वाळवल्याशिवाय परत बसवता येत नाहीत. त्या मळल्या किंवा ओलसर राहिल्या की आत ठिणग्या उडतात, टक्-टक् आवाज येतो आणि ओझोन वाढतो. तुमच्या वर्णनावरून तुमच्या यंत्रात आयन फिल्टरच्या पुढे, थेट खोलीत सोडले जात असावेत. म्हणजे खोलीच्या भिंतीच त्या पट्ट्यांचे काम करत आहेत, आणि भिंती काही कोणी दर आठवड्याला धूत नाही. गादी झटकली, पडदा ओढला, कोणी जोरात चालत गेले, की बसलेल्या धुळीतला काही भाग पुन्हा हवेत येतो.

आता वासाबद्दल. ज्या विसर्जनातून आयन तयार होतात त्यातच ऑक्सिजनचे काही रेणू दुभंगतात, आणि सुटा झालेला अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला जोडला गेला की ओझोन होतो. तेव्हा ओझोन हा यंत्रातला बिघाड नसून त्या क्रियेचाच भाग आहे. चांगली रचना, कमी दाब, स्वच्छ टोक यांनी तो कमी करता येतो, परंतु ऋण भाराचा कोरोना धन भाराच्या कोरोनापेक्षा कितीतरी जास्त ओझोन देतो, आणि घरगुती यंत्रांत बहुधा ऋण आयनांचाच वापर होतो. १८४० साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने या वायूला नाव दिले तेसुद्धा "वास येणे" या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. तुमच्या नाकाने बरोबर ओळखले आहे. मुलाला तो जाणवत नाही याचे कारणही सरळ आहे. सतत त्याच हवेत राहिल्यावर नाक सरावते. बाहेरून आलेल्या माणसालाच वासाची पहिली झुळूक लागते. त्यामुळे "आम्हाला तर काही वास येत नाही" ही खात्री नव्हे.

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे नगण्य या शब्दाचे वजन कळेल. समजा यंत्र ताशी ४ मिलिग्रॅम ओझोन सोडते. खोली २५ घनमीटरची आहे, खिडक्या बंद आहेत, आणि भिंतींवर विघटन होऊन व फटींतून बाहेर जाऊन ओझोन अशा वेगाने कमी होतो, की जणू तासाला तीन वेळा खोलीतली हवा बदलली जावी. तर पातळी दर घनमीटरला सुमारे ५३ मायक्रोग्रॅमवर, म्हणजे साधारण २७ पीपीबीवर स्थिरावेल. पीपीबी म्हणजे अब्ज भागांत किती भाग. तेच यंत्र १२ घनमीटरच्या कोंदट खोलीत ठेवले तर हाच आकडा १११ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ५६ पीपीबी होतो. आणि बाहेरून येणारा ओझोन यात धरलेलाच नाही. यंत्र तेच, खोली बदलली की उत्तर बदलते. म्हणून केवळ "आमचे यंत्र सुरक्षित आहे" या वाक्याला खोलीचे आकारमान सांगितल्याखेरीज फारसा अर्थ नसतो.

उत्तर २ : वाफारा

श्वसनाच्या रुग्णांबरोबर काम करणारी व्यक्ती म्हणून लिहीत आहे. हा तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही, हे आधीच सांगते.

दमा असलेल्या मुलाच्या खोलीत आयनायझर चालू ठेवण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. ओझोन श्वसनमार्गाच्या अस्तराशी थेट रासायनिक क्रिया करतो. त्यामुळे घसा खवखवणे, कोरडा खोकला आणि खोल श्वास घेताना छातीत दुखल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसू शकतात, आणि ज्यांची श्वासनलिका आधीच संवेदनशील आहे त्यांना ती लवकर जाणवतात. मुले शरीराच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसांपेक्षा जास्त हवा आत घेतात, आणि तुमचा मुलगा त्या खोलीत सलग आठ-नऊ तास असतो. जागतिक आरोग्य संघटनेची ओझोनसाठीची मार्गदर्शक मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. वरच्या हिशेबातली छोटी खोली ती ओलांडते. मोठी खोली ओलांडत नाही, हे खरे. परंतु मर्यादेच्या आत आहे म्हणून आजारी मुलाच्या हवेत मुद्दाम भर घालावी असे होत नाही.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहू. जुनाट दम्यावर आयनायझरचा उपयोग होतो का, याचा कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात विचार झाला आहे, आणि फुप्फुसांच्या कार्यक्षमतेत किंवा लक्षणांत लक्षणीय सुधारणा त्यात आढळली नाही. याउलट बीजिंगमधील शाळकरी मुलांवर केलेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात वर्गातल्या आयनीकरण यंत्रांमुळे हवेतले सूक्ष्म कण कमी झाले आणि श्वसनाची काही मापे सुधारली, पण त्याच वेळी हृदयाच्या ठोक्यांमधील स्वाभाविक बदलशीलतेवर प्रतिकूल परिणाम दिसला. हा निष्कर्ष मी कोणाला घाबरवण्यासाठी सांगत नाही; कण कमी झाले म्हणजे सगळे आपोआप चांगलेच झाले असे धरता येत नाही, एवढ्यासाठीच सांगते.

ऋण आयनांमुळे मन प्रसन्न होते, झोप लागते, असेही सांगितले जाते. या विषयावरच्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. नैराश्याच्या लक्षणांत अतिशय जास्त घनतेच्या आयनांच्या उपचाराने घट दिसली, मात्र चिंता, झोप आणि शिथिलता यांवर सातत्याने परिणाम आढळला नाही. उपचारासाठी वापरलेली ती यंत्रे आणि घरातले पानाच्या चित्राचे बटण यांची गल्लत करू नये.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ओझोन एकटा राहत नाही. लिंबाच्या किंवा पाइन झाडाच्या वासाची फरशी पुसण्याची द्रावणे, खोलीत फवारायचे सुगंध, सुवासिक मेणबत्त्या यांत टर्पिन नावाची संयुगे असतात, आणि ओझोन त्यांच्याशी भराभर क्रिया करून फॉर्माल्डिहाइड व अतिसूक्ष्म कण तयार करतो. म्हणजे हवा स्वच्छ वाटावी म्हणून आयनायझर लावायचा, त्याच खोलीत सुगंधही फवारायचा, आणि दोघांनी मिळून आधी हवेत नसलेले प्रदूषक तयार करायचे, असा प्रकार होतो. बटण तूर्त बंद करा, सुगंधी फवारेही थांबवा, दम्याची औषधे मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका, आणि घशाच्या तक्रारीची तारीखवार नोंद ठेवून ती पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.

उत्तर ३ : समाधानी_ग्राहक

वरील दोन्ही उत्तरांचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या घरी सहा वर्षे आयनायझर असलेले यंत्र आहे. कोणालाही त्रास झालेला नाही, भिंतीही काळ्या पडलेल्या नाहीत. मी कणमापक घेऊन स्वतः पाहिले आहे. आयनायझर चालू केल्यावर अर्ध्या तासात पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आकडा निम्म्याहून खाली येतो. हे मोजमाप खोटे म्हणायचे का? शिवाय ओझोन बाहेरच्या हवेतही असतोच, उन्हाच्या दिवसांत तर भरपूर असतो. मग घरातल्या चिमूटभर ओझोनने एवढे घाबरायचे कशाला? प्रत्येक विजेच्या वस्तूत काही ना काही दोष काढता येतो. ज्यांना त्रास होतो त्यांनी बंद ठेवावे, पण सरसकट सगळ्यांनाच "उपयोग नाही" असे सांगणे मला पटत नाही.

उत्तर ४ : मोजपट्टी

समाधानी_ग्राहक, तुमचे मोजमाप खोटे नाही, फक्त ते अर्धवट आहे. आयनायझर लावला की हवेतले कण कमी होतात, यावर वाद नाही. ते कुठे जातात हे वर सांगितले गेलेच आहे. परंतु तुमच्या यंत्रात पंखा आणि फिल्टरही चालू होता. आकडा नेमका कोणामुळे उतरला हे कळायला तीन वेगवेगळ्या चाचण्या कराव्या लागतील: एकदा सगळे बंद ठेवून, एकदा फक्त पंखा व फिल्टर लावून, आणि एकदा आयनायझरसह. पहिली चाचणी कोणी करत नाही, आणि बंद खोलीत काहीही न लावताही कण हळूहळू खाली बसतातच. माझ्याकडच्या यंत्रावर मी हे केले तेव्हा जवळपास सगळी घट फिल्टरच्या खात्यावर गेली.

दुसरे असे, की घरगुती कणमापक प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात आणि साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा लहान कण त्यांना दिसतच नाहीत. ओझोन आणि सुगंधी द्रव्ये यांच्या क्रियेतून जन्मणारे कण बहुतांशी त्याहून लहान असतात. त्यामुळे पडद्यावरचा आकडा खाली येत असताना न दिसणाऱ्या कणांची संख्या वाढत असू शकते. स्वस्तातले ओझोनमापक घेऊनही फार हाती लागत नाही. त्यांतले अनेक संवेदक नायट्रोजन डायऑक्साइडलाही ओझोन समजून बसतात, त्यामुळे शेजारी गॅसची शेगडी पेटली तरी आकडा हलतो.

बाहेर ओझोन असतो हा मुद्दा मात्र उलट दिशेने जातो. बाहेरचा ओझोन आत येताना वाटेतच बराच नाहीसा होतो आणि घरातली पातळी बाहेरच्यापेक्षा एरवी पुष्कळ कमी असते. घर हा त्यापासूनचा आसरा आहे. त्या आसऱ्याच्या आतच ओझोनचा उगम बसवायचा का, असा प्रश्न आहे.

नियमांबद्दल थोडे सांगतो, कारण कंपनीशी बोलताना आकडे हाती असलेले बरे. कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने घरगुती हवाशुद्धी यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर ५० पीपीबीची मर्यादा घातली, २०१० पासून ती विक्रीसाठी बंधनकारक झाली, आणि मान्यता मिळालेल्या यंत्रांची यादी ते मंडळ सर्वांसाठी खुली ठेवते. अमेरिकेतले अन्न व औषध प्रशासनही वैद्यकीय उपकरणांतून बंद जागेत साठणाऱ्या ओझोनला हीच मर्यादा लावते. याहून बरीच कडक कसोटी यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेची यूएल २९९८ ही आहे; तिच्यात मर्यादा ५ पीपीबी आहे. तेव्हा खोक्यावर "ओझोन सुरक्षित" असे छापलेले असेल तर कोणत्या कसोटीनुसार, हे विचारावे. ५० आणि ५ यांत दहापट अंतर आहे. आणि ५० ची चाचणी साधारण ३० घनमीटरच्या प्रमाणित कक्षात होते, हे जुना_मेकॅनिक यांच्या हिशेबाशेजारी ठेवून वाचावे.

हा वाद काही आजचा नाही. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने २००३ साली पंख्याशिवाय चालणारे एक गाजलेले आयनीकरण यंत्र तपासून ते हवा पुरेशी स्वच्छ करत नसल्याचे लिहिले. उत्पादकाने मासिकावर खटला भरला, तो न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळला, आणि २००५ मध्ये त्याच मासिकाने अशा यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनकडे लक्ष वेधले. पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात इमारतींच्या वायुवीजनात बसवायचे द्विध्रुवी आयनीकरणाचे, म्हणजे धन व ऋण दोन्ही आयन सोडणारे, उपकरण तपासले गेले. कणांच्या घटीवर त्याचा परिणाम किरकोळ होता, आणि हवेतली काही सेंद्रिय संयुगे कमी झाली असली तरी काही वाढलेलीही आढळली. "प्लाझ्मा", "द्विध्रुवी", "सक्रिय ऑक्सिजन" असे शब्द बदलत राहतात. सक्रिय ऑक्सिजन हे तर कित्येकदा ओझोनचेच पाळण्यातले दुसरे नाव असते.

शंकेखोर यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: नाही, आयनायझर बंद केल्याने यंत्राचा उपयोग कमी होत नाही. हेपा फिल्टरची अमेरिकी व्याख्याच अशी आहे की ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण त्याने अडवले पाहिजेत, आणि त्यासाठी आयनांची गरज नसते. खोलीच्या मानाने यंत्राचा स्वच्छ हवेचा वेग, म्हणजे सीएडीआर, पुरेसा आहे का आणि फिल्टर वेळेवर बदलला जातो का, या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे. वायुरूप प्रदूषक मात्र हेपाही अडवत नाही आणि आयनायझरही नाही. त्यांसाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो. कार्बन मोनॉक्साइडवर तर यांतले काहीच चालत नाही, त्यासाठी खिडकी उघडावी आणि धोक्याची सूचना देणारा संवेदक लावावा.

उत्तर ५ : पोपटवाली

विषयाला धरूनच दोन गोष्टी. घरात पक्षी असतील तर आयनायझर त्या खोलीत अजिबात नको. पक्ष्यांची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा फार कार्यक्षम असते आणि म्हणूनच हवेतल्या विषारी वायूंचा फटका त्यांना आधी बसतो.

दुसरे, "ऋण आयन" या शब्दाला भुलून काही जण गळ्यात घालायची पदके आणि मनगटावरचे पट्टे घेतात, ज्यांत वीजही नसते आणि बॅटरीही नसते. मग आयन येतात कुठून? त्यांतल्या काही वस्तूंत थोरियम किंवा युरेनियम असलेल्या खनिजांची पूड मिसळलेली आढळली आहे. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तू किरणोत्सारी असल्याचे जाहीर करून त्या वापरू नका असे सांगितले होते. त्यांत मुलांसाठीचा एक पट्टाही होता. विजेवर चालणाऱ्या आयनायझरचा किरणोत्साराशी काही संबंध नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर नावातल्या सारखेपणामुळे उगाच घबराट होते.

शंकेखोर

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात बटण बंद ठेवले आणि मोजपट्टी यांनी सुचवलेल्या पद्धतीचा एक साधा प्रकार करून पाहिला. मुलाला पंधरवडाभर दुसऱ्या खोलीत झोपवले. भिंत स्वच्छ करून डागाच्या जागी पांढरा कागद चिकटवला आणि आयनायझर चालू ठेवून आठवडाभर यंत्र रोज रात्री लावले. नंतर नवा कागद लावून, आयनायझर बंद ठेवून, तेवढेच दिवस, तेवढ्याच वेगावर लावले. पहिल्या कागदाच्या मधोमध करड्या रंगाचा पंजा उमटला आहे; चिकटपट्टीखाली झाकलेल्या कडा पांढऱ्याशुभ्र राहिल्यामुळे तो अधिकच उठून दिसतो. दुसरा कागद पहिल्या दिवशी होता तसाच आहे. ओळखीच्या एकांचा कणमापक दोन दिवस मिळाला होता. फक्त फिल्टरवर आणि आयनायझरसह, दोन्ही वेळा अर्ध्या तासात आकडा जवळपास सारखाच उतरला. सकाळचा वास गेला आहे. घशाची तक्रार या दिवसांत एकदाच झाली, पण एवढ्यावरून काही ठरवणार नाही. नोंदवही डॉक्टरांना दाखवणार आहे.

कंपनीला पुन्हा लिहिले आणि या वेळी चाचणीची कसोटी, कक्षाचे आकारमान आणि पीपीबीतला आकडा मागितला. उत्तरात ५० पीपीबीच्या मर्यादेचे प्रमाणपत्र आले, प्रत्यक्ष आकडा आला नाही.

नवी अडचण अशी, की वीज जाऊन परत आली की यंत्र आपोआप सुरू होते आणि आयनायझरचा दिवा पुन्हा लागलेला असतो. मध्यरात्री असे झाले तर आम्हाला कळणारही नाही. आतली तार कापून टाकता येईल का? फिल्टरचे झाकण काढल्यावर एक पांढरी जाड तार सुयांकडे जाताना दिसते.

जुना_मेकॅनिक

तार कापू नका. यंत्राचा प्लग काढल्यावरही उच्च दाबाच्या भागात काही काळ विद्युतभार शिल्लक राहू शकतो, आणि अर्धवट कापलेल्या तारेचे उघडे टोक आतल्या प्लॅस्टिकजवळ ठिणग्या टाकत राहिले तर ओझोन वाढेल, आगीचा धोका होईल तो वेगळाच. आधी माहितीपुस्तिकेत पाहा. काही यंत्रांत बटण काही सेकंद दाबून धरल्यास आयनायझर कायमचा बंद करण्याची सोय असते. ती नसेल तर कंपनीच्या दुरुस्ती केंद्राकडून तो भाग अधिकृतरीत्या काढून मिळेल का, हे लेखी विचारा. तेही जमले नाही तर वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरूच होऊ नये अशी व्यवस्था करा. वीज गेल्यावर बंद पडणारी आणि हाताने दाबल्याशिवाय पुन्हा सुरू न होणारी प्लगची साधने मिळतात. त्यात एखादी रात्र फिल्टरविना जाईल, ती चालेल.

आणखी एक. निळा दिवा विझला म्हणजे आयन थांबलेच, असे गृहीत धरू नका. मी उघडलेल्या दोन यंत्रांत ते बटण फक्त दिव्यालाच जोडलेले होते आणि सुया पंख्याबरोबर सतत चालू राहत होत्या. तुमचा दुसरा कागद पांढरा राहिला, त्यावरून तुमच्या यंत्रात तसे नसावे. तरी कंपनीने सांगितलेली कोणतीही युक्ती केल्यावर कागदाची परीक्षा पुन्हा घ्या. ती तुमच्या कणमापकापेक्षा भरवशाची निघाली आहे.

शंकेखोर

बटण दहा सेकंद दाबून धरल्यावर दिवा तीनदा लुकलुकून विझला. मुख्य कळ बंद करून पुन्हा लावून पाहिली, या वेळी तो लागला नाही. आज रात्री नवा कागद लावला आहे, आठवड्याने कळवते.